दहा खेळाडू, एक चौकट

वऱ्हाडातल्या शूटिंगवाल्याचं वर्ष पंचांगावर चालतं. तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई उघडते ती जवळजवळ मृगापर्यंत. पावसाळ्यात हात जरा मोकळा होतो, मग गणपती, नवरात्रातली देवी, भागवत सप्ताह, पुढाऱ्यांचे वाढदिवस. याच महिन्यांत विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा सुरू होतात आणि वर्षअखेरीस लग्नाच्या तारखांना येऊन भिडतात. अमरावती-अकोल्यात निव्वळ कॉलेजच्या बास्केटबॉलवर कुणाचं घर चालू शकत नाही. सामन्यांचे दिवसच तेवढे नसतात. त्यामुळे कोर्टाच्या कडेला ट्रायपॉड लावून उभा असलेला माणूस आदल्या रात्री बहुधा एखाद्या मंगल कार्यालयात उभा असतो. कुणाची नोकरी नाही, दिवसाच्या बोलीवर काम, कॅमेरा स्वतःचा किंवा भाड्याने आणलेला.

बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही कामं सारखीच वाटतात. फरक असा की लग्नात पुढे काय होणार हे सगळ्यांना ठाऊक असतं. अंतरपाट कधी दूर होणार, हार कोण आधी घालणार, सगळं ठरलेलं. बॅटरी बदलायची असेल तर गुरुजी घटकाभर थांबतात, नवरदेव हार पुन्हा घालून दाखवतो. बास्केटबॉलमध्ये कुणी थांबत नाही. चेंडू ताब्यात आल्यापासून २४ सेकंदांच्या आत बास्केटवर फेक व्हावीच लागते आणि त्यातल्या पहिल्या ८ सेकंदांत चेंडू अर्धरेषेपलीकडे न्यावा लागतो. आंतरराष्ट्रीय नियमांत हा २४ सेकंदांचा काटा २००० साली आला. त्याआधी ३० सेकंद मिळत. चार क्वार्टर, प्रत्येकी १० मिनिटांचे. खेळ ४० मिनिटांचा, पण शिट्टीगणिक घड्याळ थांबतं, त्यामुळे सामना दीड तासाच्या आसपास जातो. तेवढ्या वेळात दहा खेळाडूंचा लोंढा या टोकाकडून त्या टोकाकडे शेकडो वेळा वळतो आणि कॅमेऱ्याला प्रत्येक वेळी त्याच्या आधी वळावं लागतं.

आधी जागेचं गणित. मैदान २८ मीटर लांब, १५ मीटर रुंद. रिंग जमिनीपासून ३.०५ मीटर उंच. लांब बाजूला, अर्धरेषेच्या अगदी सरळ रेषेत, मैदानाच्या मध्यापासून २० मीटर मागे कॅमेरा लावला असं धरू. मैदानाची मध्यावरची पूर्ण लांबी चौकटीत बसवायची तर साधारण ७० अंशांचा कोन लागतो. अर्धं मैदान, दोन्हीकडे थोडी कड सोडून, घ्यायचं तर ४० ते ४५ अंश पुरतात. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर हे काम अनुक्रमे २६ आणि ४५ मिलिमीटरच्या आसपासच्या लेन्सचं, म्हणजे लग्नाच्या बॅगेतली २४-७० इथे भागवते. पण त्याच जागेवरून फ्री थ्रो घेणाऱ्या मुलीचा चेहरा आणि खांदे हवे असतील, म्हणजे दीडेक मीटर रुंदीची चौकट हवी असेल, तर जवळपास ४८० मिलिमीटर लागतात. ती लेन्स लग्नवाल्याकडे नसते आणि घेणं परवडतही नाही.

म्हणूनच लाखाच्या पुढचा मिररलेस कॅमेरा घेऊन आलेला हौशी तरुण इथे अडकतो आणि जुना कॅमकॉर्डरवाला निभावून नेतो. कॅमकॉर्डरचा सेन्सर लहान, एक इंची किंवा त्याहूनही छोटा, त्यामुळे छोट्याशा लेन्समध्ये लांबचा झूम बसतो. शिवाय लहान सेन्सरवर खोलीचा मोठा भाग स्पष्ट राहतो, दहा खेळाडूंमागे फोकस धावडवावा लागत नाही. लग्नात मागचं सगळं धूसर करून नवरीचा चेहरा उठवणं ही कमाई. इथे तीच गोष्ट नुकसान. आणखी एक अडचण आहे. अनेक स्टिल कॅमेरे २९ मिनिटं ५९ सेकंदांनी रेकॉर्डिंग आपोआप बंद करत. सलग ३० मिनिटांहून जास्त चित्रण करणाऱ्या यंत्राला युरोपात व्हिडिओ कॅमेरा धरून जादा आयातशुल्क लागे, ते टाळायला कंपन्यांनी ही मर्यादा घातली होती. नव्या बऱ्याच मॉडेलांतून ती गेली. पण बाजारात दुसऱ्या हाताने फिरणारे जुने कॅमेरे तिथेच थांबतात, आणि ते थांबल्याचं भर सामन्यात लक्षात येत नाही. एकेकाळी गावोगावच्या लग्नांत खांद्यावर बसणारा पॅनासॉनिकचा एम-९००० आणि नंतरचा सोनीचा पीडी-१७० यांच्यात टेप संपेपर्यंत अशी काही भानगड नव्हती.

कॅमेरा उंचावर हवा. जमिनीवर ठेवला तर जवळचा खेळाडू लांबच्या चौघांना झाकतो. इनडोअर हॉल असेल तर गॅलरी मिळते. आपल्याकडच्या बहुतेक कॉलेजांची कोर्टं मात्र उघडी, सिमेंटची. तिथे शेजारच्या इमारतीचा पहिल्या मजल्यावरचा व्हरांडा, नाहीतर मंडपवाल्याकडून बांधून घेतलेलं मचाण. मचाण बांधायचं तर ज्या लाकडी फळीवर कॅमेरा आहे तिच्यावर दुसऱ्या कुणी उभं राहता कामा नये. माणसाने नुसता पाय बदलला तरी लांब झूमवर चित्र हिंदकळतं.

उघड्या कोर्टावर ऊन ठरवतं कॅमेरा कुठे. चांगलं आखलेलं कोर्ट उत्तर-दक्षिण लांब असतं, म्हणजे खेळाडूच्या डोळ्यात सकाळ-संध्याकाळचं ऊन थेट जात नाही. पण त्याचा अर्थ असा की कॅमेऱ्याची बाजू एकतर पूर्वेची येते नाहीतर पश्चिमेची. सामने सकाळी लवकर आणि दुपारनंतर होतात, कारण ऑक्टोबरमध्येसुद्धा दुपारचं वऱ्हाडी ऊन सोसवत नाही. मग सकाळच्या सत्राला पूर्वेची बाजू आणि संध्याकाळच्या सत्राला पश्चिमेची, सूर्य कायम कॅमेरामनच्या पाठीशी. दिवसभरात एकदा सगळा पसारा, मचाणासकट, पलीकडे न्यायला आयोजक तयार नसतात. तेव्हा निदान अंतिम सामना ज्या वेळी आहे त्या वेळची बाजू धरावी. चार-साडेचारला इमारतीची सावली अर्ध्या कोर्टावर येते, हा दुसरा त्रास. उन्हातला आणि सावलीतला खेळाडू एकाच वेळी नीट दाखवता येत नाहीत. ऑटो एक्स्पोजर चालू ठेवलं तर दर वळणाला चित्र उजळतं आणि विझतं. अनुभवी माणूस उन्हातल्या चेहऱ्यांना धरून एक्स्पोजर हाताने लावतो आणि सावलीतली बाजू थोडी गडद राहू देतो.

हॉलमध्ये ऊन नाही, पण दिवे आहेत. आपली वीज ५० हर्ट्‌झची. त्यावर चालणाऱ्या साध्या दिव्याचा प्रकाश सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं की प्रत्येक फ्रेमला प्रकाशाचे पूर्ण ठोके मिळतात आणि चित्र स्थिर राहतं. पण अमेरिकेची वीज ६० हर्ट्‌झची असल्यामुळे बऱ्याच मोबाइलांत आणि काही कॅमेऱ्यांत मुळातच ३० किंवा ६० फ्रेमची जुळणी असते. तसंच शूट केलं तर हॉलमध्ये चित्रावरून काळपट पट्टे सरकत राहतात आणि ते नंतर एडिटिंगमध्ये पुरते निघत नाहीत. म्हणून २५ किंवा ५० फ्रेम. बास्केटबॉलच्या वेगाला ५० फ्रेम आणि १/१०० शटर ही जोडी माझ्या मते सर्वांत हिताची. एलईडी दिव्यांचं काही सांगता येत नाही. एकेका दिव्याच्या ड्रायव्हरनुसार लुकलुक वेगळी, ती आधी जाऊन पाहूनच कळते.

आणि वीज गेली तर? जुन्या हॉलमध्ये मेटल हॅलाइडचे दिवे आहेत. वीज दोन मिनिटांत परत आली तरी हे दिवे लगेच लागत नाहीत. तापलेल्या नळीत वायूचा दाब इतका वाढलेला असतो की ठिणगी पडत नाही; नळी निवेपर्यंत दहा-पंधरा मिनिटं थांबावं लागतं. लागल्यावरही पहिली काही मिनिटं रंग बदलत राहतो. त्यामुळे दिवे लागले म्हणून लगेच व्हाइट बॅलन्स घेऊन मोकळं होऊ नये. पूर्ण उजेड स्थिरावल्यावर पांढरा कागद धरून पुन्हा घ्यावा.

खेळांच्या बाबतीत अमरावती हे साधं गाव नाही. १९१४ साली वैद्य बंधूंनी इथे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली, आणि पुढे मंडळाच्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयातून कितीतरी क्रीडाशिक्षक तयार होऊन देशभर गेले. १९३६ साली मंडळाचा चमू बर्लिन ऑलिंपिकच्या निमित्ताने जर्मनीला गेला आणि तिथे त्याने कबड्डीसह भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं केली. त्याच ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉल पहिल्यांदा पदकाचा खेळ म्हणून खेळला गेला. १८९१ साली अमेरिकेतल्या स्प्रिंगफिल्ड इथे हा खेळ शोधून काढणारे जेम्स नेस्मिथ तेव्हा हयात होते. एस्टोनिया आणि फ्रान्स यांच्यातल्या पहिल्या सामन्याचा चेंडू त्यांच्याच हस्ते उडवला गेला. सामने हॉलमध्ये नव्हे तर टेनिसच्या मातीच्या कोर्टांवर झाले. अंतिम सामन्याला पाऊस आला, चिखलात चेंडू टप्पा घेईना, आणि अमेरिकेने कॅनडाला अवघ्या १९-८ असं हरवलं.

तिसरी गोष्ट कॅमेऱ्याची. खेळांचा एवढा मोठा सोहळा टेलिव्हिजनवर थेट दाखवण्याचा पहिला प्रयोग बर्लिनलाच झाला. चित्र फक्त १८० ओळींचं. बर्लिनमधल्या सार्वजनिक खोल्यांत लोक ते पाहायला गर्दी करत. एक कॅमेरा लेन्ससकट दोन मीटरहून लांब होता, लोक त्याला तोफच म्हणत. अमरावतीचे खेळाडू, बास्केटबॉल आणि थेट प्रक्षेपणाचा कॅमेरा अशा तीन गोष्टी त्या ऑगस्टमध्ये एका शहरात होत्या. या कामाच्या इतिहासात वऱ्हाडची जागा शोधायची तर मी तिथूनच सुरुवात करीन.

चारच वर्षांनी, २८ फेब्रुवारी १९४० रोजी, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधून बास्केटबॉलचं पहिलं टेलिव्हिजन प्रक्षेपण झालं. ते सामने कॉलेजांचेच होते. पिट्सबर्ग विद्यापीठ विरुद्ध फोर्डहम, आणि त्याच संध्याकाळी न्यूयॉर्क विद्यापीठ विरुद्ध जॉर्जटाउन. कॅमेरा एकच. आज अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉल हा प्रचंड उद्योग आहे आणि तिथेही कॅमेऱ्यामागची पुष्कळ माणसं सुट्या रोजंदारीवरची असतात, आज या गावात तर उद्या त्या गावात. त्यांची मांडणी आता जगभर रूढ झाली आहे. कॅमेरा एक अर्धरेषेवर, उंच, खेळ दाखवणारा. त्याच्या शेजारी कॅमेरा दोन, चेहरे आणि जवळची दृश्यं टिपणारा. दोन्ही बास्केटांखाली खांद्यावरचे कॅमेरे. अमरावतीत दोन कॅमेऱ्यांचा सेटअप मिळाला तरी पुष्कळ. बऱ्याचदा एकच असतो, १९४० सारखा.

एकच असेल तर त्याने कॅमेरा एकचं काम करावं, हे मला या लेखात मनापासून सांगायचं आहे. मोह उलटा असतो. लग्नाच्या शूटिंगमध्ये तयार झालेला हात चेहऱ्याकडे धावतो. चेंडू ज्याच्या हातात, त्याच्यावर झूम. पाहायला ते छान वाटतं, प्रेक्षकांत बसलेल्या आईवडिलांनाही आवडतं. मध्यंतरात कुणीतरी येऊन विचारतंच, “भाऊ, माह्या पोरीचं घेतलं ना बराबर?” पण चेंडू एका वेळी एकाच्याच हातात असतो. उरलेले नऊ जण जे करतात तो खेळ. एक मुलगी सहकाऱ्याच्या रखवालदाराला आपल्या अंगाने अडवते, स्क्रीन देते. सहकारी मोकळी होऊन कोपऱ्यात धावते. तिला पाहून पलीकडची बचाव करणारी एक पाऊल आत सरकते. आणि त्या एका पावलामुळे दुसऱ्या कोपऱ्यात जागा उघडते. टोपली झाली की टाळ्या फेकणारीला मिळतात. स्क्रीन देणारी चौकटीतच नसेल तर तिने काय केलं ते प्रशिक्षकालाही नंतर दिसणार नाही आणि तिला स्वतःलाही नाही.

संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ १९८३ साली स्थापन झालं. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा आणि वाशीम या पाच जिल्ह्यांची कॉलेजं त्याच्याखाली येतात. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतून विद्यापीठाचा बारा जणांचा संघ निवडला जातो आणि तो भारतीय विद्यापीठ संघाच्या पश्चिम विभागीय स्पर्धेला जातो. तिथे समोर येणाऱ्या मोठ्या शहरांच्या विद्यापीठांकडे पक्की इनडोअर कोर्टं असतात, वर्षभर चालणाऱ्या क्लबांतून आलेले खेळाडू असतात. बुलडाण्याच्या किंवा वाशीमच्या खेळाडूने स्वतःला खेळताना कधी पाहिलेलंच नसतं. अशा मुलामुलींसाठी पूर्ण सामन्याची रुंद चौकटीतली चित्रफीत हा फार मोठा ऐवज आहे. जगभर प्रशिक्षक त्यावरच काम करतात. अमेरिकेत याच गरजेवर सिनर्जी आणि हडल या कंपन्या उभ्या राहिल्या, ज्यांत सामन्याचा प्रत्येक हल्ला सुटा करून पाहता येतो. इथे कंपनी लागत नाही. लॅपटॉप, वही आणि न तुटलेली चित्रफीत एवढं असलं तरी प्रशिक्षकाची एक संध्याकाळ सार्थकी लागते.

रुंद चौकट म्हणजे कॅमेरा लावून सोडून देणं नव्हे. उलट यातच कसब आहे. हल्ला एका बाजूला स्थिरावला की अर्धं मैदान चौकटीत धरायचं, दहाही खेळाडू आत, रिंग आत आणि रिंगच्या वर मोकळी जागा, कारण लांबून फेकलेला चेंडू कमानीत वर जातो आणि वर जागा नसेल तर दोन क्षण चौकटीबाहेर नाहीसा होतो. फेक सुटताना झूम हलवायचा नाही. चेंडू रिंगवर आदळून कुठे उसळेल ते कुणालाच माहीत नसतं. त्या क्षणी चौकट घट्ट असेल तर रिबाउंड हातचा जातो. रिबाउंड मिळाला की पाहायचं चेंडूकडे नाही, घेणाऱ्याच्या खांद्यांकडे. खांदे वळले की पास कुठे जाणार ते कळतं आणि कॅमेरा त्या दिशेने अगोदर निघतो. जलद हल्ल्यात धावणाऱ्याच्या पुढे जागा सोडायची. मागे मोकळं आणि पुढे भिंत अशी चौकट पाहणाऱ्याला गुदमरवते. बास्केट झाल्यावर मात्र दीड-दोन सेकंद आहेत. चेंडू एंडलाइनबाहेरून आत यायचा असतो, तेवढ्यात झूम सैल करून दुसऱ्या बाजूची तयारी होते.

डावा डोळा उघडा ठेवणं हे सगळ्यात अवघड शिक्षण. उजवा व्ह्यूफाइंडरमध्ये, डावा मैदानावर. व्ह्यूफाइंडरमध्ये जे आहे ते आत्ताचं. पुढचं बाहेरच दिसतं. नव्या माणसाला अर्ध्या तासात डोकं दुखायला लागतं, काही सामन्यांनंतर सवय होते. ट्रायपॉडचं हेडही तितकंच महत्त्वाचं. स्वस्त हेड सुरुवातीला अडतं आणि मग झटका देऊन सुटतं. फ्लुइड हेडमधलं तेल हा झटका गिळतं. नवा कॅमेरा घ्यायला पैसे साठवणाऱ्या मुलांना मी म्हणेन, आधी चांगलं हेड घ्या, ते तीन कॅमेरे पुरेल.

दुसरा कॅमेरा असला तर त्याला दोन पथ्यं. पहिलं म्हणजे बाजू. दोन्ही कॅमेरे मैदानाच्या एकाच अंगाला हवेत. एक समोर लावला तर मिक्सरवर कट होताच डावीकडे धावणारा संघ उजवीकडे धावताना दिसतो आणि पाहणाऱ्याचा गोंधळ होतो. मध्यंतरानंतर संघ बास्केट बदलतात, त्या वेळी तर आणखी. दुसरं पथ्य अंतराचं. रेषेपासून दोन मीटरपर्यंत कसलाही अडथळा नको असा नियम आहे. बास्केटखाली बसणाऱ्या कॅमेरामनने त्याबाहेरच बसावं आणि हल्ला अंगावर आला तर कॅमेरा सोडून खेळाडू सांभाळावा. वेगाने आलेला खेळाडू थांबू शकत नाही, ट्रायपॉडचा पाय त्याचा गुडघा घेऊन जातो.

मुलींच्या सामन्यांविषयी वेगळं बोललं पाहिजे. बास्केटखालचा खालून वर पाहणारा कॅमेरा, स्लो मोशन, विश्रांतीत घाम पुसणाऱ्या खेळाडूवर रेंगाळणारा झूम, हे सगळं तंत्राच्या नावाखाली खपतं आणि त्याचे तुकडे नंतर मोबाइलवर फिरतात. पोरीला हाफ पँटमध्ये खेळू द्यावं की नाही यावर अजून वाद होणारी घरं आपल्या आसपास आहेत. असा एक तुकडा एखादीचा खेळ कायमचा बंद करू शकतो. कॅमेरा छातीच्या उंचीवर किंवा वर ठेवावा, खेळ थांबला की बेंच, स्कोअरबोर्ड किंवा पंचांच्या खुणेकडे जावं. अकरावी-बारावीच्या मुली बहुतेक अठरा वर्षांखालच्या असतात, हेही लक्षात ठेवावं.

थेट प्रक्षेपण असेल तर केबलचा प्रश्न येतो. एचडीएमआय केबल दहा-पंधरा मीटरपलीकडे भरवशाची राहत नाही. मैदान एकटंच २८ मीटरचं. म्हणून एसडीआय केबल, जी एचडीला शंभर मीटरच्या आसपास चालते आणि जिचं तोंड फिरवून घट्ट बसतं. पायात येऊन निसटत नाही. मिक्सरवर बसलेला पॅनलवाला कानातल्या टॉकबॅकवर सांगत असतो आणि कॅमेऱ्यावरचा लाल टॅली लागला की हात स्थिर. टॅली विझला की पुढची चौकट शोधायची. छोट्या एटेम मिक्सरने २०१९ नंतर हे सगळं लॅपटॉपच्या आकारात आणलं, आणि वऱ्हाडात टेनिस बॉल क्रिकेट आणि कबड्डीच्या रात्रीच्या सामन्यांनी हे काम करणारी मुलं तयार केली. प्रो कबड्डी २०१४ साली सुरू झाल्यावर गावच्या आयोजकालाही आपले सामने ‘टीव्हीसारखे’ दिसायला हवे झाले. बास्केटबॉलला त्याचाच फायदा मिळतो. स्कोअरसाठी सोपी युक्ती म्हणजे एक जुना कॅमेरा स्कोअरबोर्डवरच रोखून ठेवायचा आणि ते चित्र कोपऱ्यात घालायचं. हाताने आकडे भरणाऱ्याची चूक होत नाही. पाच मेगाबिट वेगाने दीड तास प्रक्षेपण म्हणजे जवळपास साडेतीन जीबी डेटा. गर्दी जमली की एकाच टॉवरवर भार येतो, त्यामुळे दोन वेगळ्या कंपन्यांची सिमं जवळ हवीत.

माणसाविना चालणारे कॅमेरेही आता आले आहेत. रुंद लेन्सने अख्खं मैदान टिपायचं आणि संगणकाने चेंडू ओळखून चौकट हलवायची. २०२० साली स्कॉटलंडमध्ये इन्व्हरनेसच्या फुटबॉल सामन्यात अशा कॅमेऱ्याने रेषेवरच्या पंचाचं टक्कल हे चेंडू समजून त्याचाच पाठलाग केला होता. ते सुधारत जातील यात शंका नाही. आणि त्यांना पूर्ण मैदान मुळातच टिपायचं असल्यामुळे प्रशिक्षकाला हवी ती रुंद चौकट ते न कंटाळता देतील. पण ते यंत्र पक्क्या भिंतीवर, पक्क्या इंटरनेटवर बसतं. कोर्ट दरवर्षी वेगळ्या कॉलेजात आणि मचाण मंडपवाल्याचं, अशा ठिकाणी अजून बराच काळ माणूसच लागेल.

पैशाची बाजू थोडक्यात. कॉलेज सहसा कोटेशन मागतं, काम झाल्यावर बिल घेतं आणि रक्कम लेखापालाच्या टेबलावरून सावकाश येते. लग्नवाल्या पार्टीसारखा ॲडव्हान्स इथे मिळेलच असं नाही. उद्यम नोंदणी मोफत आहे आणि ती करून ठेवावी. २००६च्या सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग कायद्यानुसार नोंदणी असलेल्या छोट्या व्यावसायिकाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं लागतं, उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. प्रत्यक्षात कुणी व्याज मागत नाही, पण बिलावर नोंदणी क्रमांक असला की फाइल हलते. अमरावतीचा माणूस अकोल्याला निघाला तर प्रवासाचे आणि राहण्याचे पैसे आधी बोलून घ्यावेत. रस्ता आता सुखाचा आहे. २०२२च्या जूनमध्ये याच अमरावती-अकोला महामार्गावर १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरीकरणाचा गिनीज विक्रम झाला. तरीही रात्रीचा अंतिम सामना, बक्षीस समारंभ आणि आवराआवर झाल्यावर मूर्तिजापूरमार्गे गाडी चालवत येणं बरं नव्हे.

चित्रफीत कुणाची, हेही आधी ठरलेलं बरं. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे पैसे देऊन कुणी चित्रण करून घेतलं आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक पैसे देणारा ठरतो. त्यामुळे स्वतःच्या कामाचा नमुना म्हणून दोन मिनिटांचे तुकडे वापरायचे असतील तर तशी एक ओळ कोटेशनमध्येच लिहावी. बहुतेक संस्था आनंदाने मान्य करतात. भारतीय जनसंचार संस्थेचं केंद्र २०११पासून अमरावतीत आहे, तिथे आणि इतर कॉलेजांत माध्यमं शिकणाऱ्या मुलांना सुरुवात करायला दुसऱ्या कॅमेऱ्याची जागा चांगली. चूक झाली तर पॅनलवाला कॅमेरा एकवर जाऊन सावरतो.

यूट्यूबवर गेलेली प्रत प्रेक्षकांची. प्रशिक्षकाला वेगळी द्यायची ती कॅमेरा एकची मूळ, न कापलेली, सामन्याआधीच्या सरावापासून शेवटच्या शिट्टीपर्यंतची, नावात तारीख आणि दोन्ही कॉलेजं लिहिलेली. ५० मेगाबिटवर एका तासाला साडेबावीस जीबी होतात, म्हणजे एका सामन्याला ६४ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. देण्याआधी तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून घ्यावा, कारण फॅट३२ मध्ये ४ जीबीहून मोठी फाइल बसत नाही आणि कॉलेजच्या ऑफिसातले जुने पेनड्राइव्ह बहुतेक त्याच प्रकारचे असतात.